कोंबड्यांना पाणी पाजणारी दगडी हंडी

मित्रांनो, माझ्या काळ्या रंगाला हसू नका हं. दूरच्या तूस गावच्या डोंगरातला दगड कोरून मला घडवलं, आणि एका आईने पोटभर तेल पाजून मला तयार केलं. तिची मुलगी माहबानू लग्न होऊन बसऱ्याला आली, तेव्हा मीही तिच्यासोबत उंटावर बसून आले.

सासूबाई उम्म हुमैद मला पाहताच म्हणाल्या, "सून आली ती आली, वर हा धोंडाही आला!" झालं! माझी रवानगी अंगणात झाली. मी कोंबड्यांना पाणी पाजू लागले. एक तुरेवाली तर मला आपलीच समजायची.

पुढे माहबानूला मुलगी झाली. सातव्या दिवशी जावळ, नाव आणि जेवण. माहबानूने हट्ट धरला, "आज माझ्या आईचं सिकबाज करते." सिरका आणि खजूर घालून शिजवलेलं ते आंबटगोड मांस. सासूबाई कुरकुरल्या, "आमच्या माणसांना रश्श्यात कुस्करलेली भाकरी लागते. नाही आवडलं तर जन्मभर ऐकशील!" माहबानूचे डोळे भरले, पण ती मागे हटली नाही.

बाळाच्या नावाने कापलेल्या बोकडाची हाडं मोडायची नसतात, तुकडे मोठेच ठेवायचे. म्हणून सासूबाईंनी शेजारचं ऐसपैस तांब्याचं पातेलं आणलं. सकाळीच त्यात सिरका ओतून खजूर भिजत घातले. आतली कल्हई उडालेली, ती कुणी पाहिलीच नाही!

दुपारी सासूबाईंनी बोट चाटलं आणि थू थू केलं. "अगं, हे तर कळकलं! हिरवं झालंय!"

मांस अजून बाजूला होतं आणि सिरक्याचा एक बुधला शिल्लक होता. पण आंबट शिजवायचं कशात?

"दगडाला आंबट लागत नाही, सासूबाई," माहबानू हळूच म्हणाली.

सासूबाईंनी बाह्या सरसावल्या. मग स्वतः अंगणात आल्या, कोंबड्यांना हुसकावलं आणि राखेने मला घासघास घासलं. तुरेवाली किती ओरडली म्हणून सांगू!

मित्रांनो, माझंही पोट ऐसपैसच; त्या दिवशी मी जीव ओतून शिजवलं. केशराचा वास गल्लीभर गेला. सगळे एकाच मोठ्या ताटाभोवती बसले, आणि माहबानूचे धाकटे दीर अबू जुबैद ताटाच्या मधल्या तुकड्यापर्यंत पोचले.

"भाऊजी, आपापल्या कडेनं खावं!"

"वहिनी, माझी कड संपली!"

सगळे खदखदून हसले. सासूबाईंनी उरलेला रस्सा भाकरीने निपटून खाल्ला आणि म्हणाल्या, "कोंबड्यांना दुसरं भांडं बघा गं. ही माझ्या नातीच्या लग्नात हवी."

ती नात, रय्या, आता माझ्या काठाला धरून उभी राहते. मित्रांनो, तुमच्याही अंगणात एखादं जुनं भांडं उपडं पडलं असेल. त्याला उचला, घासा आणि त्यात काय छान शिजायचं ते घरातल्या मोठ्यांना विचारा. तुरेवालीची समजूत मात्र तुम्हीच घाला. ती अजून माझ्यावर रुसलीय!