उठा, आरती आहे!

आमच्या मामाजींशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांशी, वाद घालायची घरात कोणाची छाती नाही. पण त्या दिवशी मीही पेटले होते.

सासूबाई गेल्यापासून मामाजी गावी एकटेच राहायचे. महिन्यातून एकदा कोराडीच्या आमच्या क्वार्टरमध्ये यायचे, दोन दिवस कुरकुर करायचे अन् परत जायचे. या खेपेले आले, रेकॉर्ड प्लेअर पाहिला अन् म्हणाले, "सिनेमाची गाणी ऐकून राहिली का वं, गोपिका? ही पेटी मी गावाले नेतो. देवळात भजनं लावू."

माझा जीवच गेला! माझ्या भावानं लग्नात दिलेली पेटी ती. अन् रेकॉर्ड म्हणाल तर एकच, यांच्या पॉवर हाऊसमधला फ्रेंच इंजिनिअर मायदेशी जाताना देऊन गेलेली. त्यात कोणी एक बाबा भर सभेत गाते अन् लोक टाळ्या पिटतात. शब्द एक समजत नव्हता, पण दुपारची भांडी आटोपली की ती ऐकल्याशिवाय मले करमत नसे.

मी ठोकून दिलं, "सिनेमाचं काहून असन? फ्रेंच भाषेतलं भजन आहे ते, मामाजी."

"असं? उद्या गुरुवारच आहे. मंडळीले बोलावतो. भजन निघालं तर पेटी राहीन इथं. नाही तर संध्याकाळच्या बसनं नेतो."

दुसऱ्या दिवशी चार वाजता कॉलनीचं भजनी मंडळ येऊन बसलं. पुढं मंडळाचे म्होरके नानाजी, हातात टाळ. मी शिरा करून ठेवला, देवाले हात जोडले अन् सुई टेकवली.

पहिलं गाणं संपलं, अन् रेकॉर्डमधल्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आता आमच्याकडं सगळे मिळून टाळ्या कधी वाजवतात? आरतीले! नानाजी ताडकन उभे राहिले. "उठा, आरती आहे!" सगळे उठले, टाळ्या वाजवायले लागले. शेजारच्या कुसुमताईनं निरांजन ओवाळलं. तेवढ्यात दुसरं गाणं सुरू!

"आरती झाल्यावर पद म्हणते?" नानाजी चिडले. "याले कोणी शिकवलं नाही का गा?"

"तिकडची रीत असन," मी म्हटलं. सगळे पुन्हा बसले.

गाणं, टाळ्या, उठा. गाणं, टाळ्या, उठा. सहा वेळा! निरांजनातलं तूप संपलं, नानाजींचे गुडघे कडकड वाजून राहिले होते. पण बसून राहायची हिंमत कोणात? आरतीचा अपमान कोण करन? मी मनात म्हटलं, पेटी वाचली वं बाई!

सातवं गाणं हळू होतं. बाबाचा आवाज मधेच अडकला, घास अडकावा तसा. टाळ्या पडल्या. सगळे कण्हत उठले. मामाजी मात्र बसूनच.

"मामाजी, आरती," मी हळूच म्हटलं.

"भजन नाही हे."

झालं! संपलं!

"बायको गेली त्याची," मामाजी म्हणाले. "आता घरी जाऊन कोणाशी बोलू, म्हणून राहिला तो. मले का समजत नाही?" अन् धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

माझ्याही डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मग पेटी नेता का, मामाजी?"

"नेऊन काय करू? तिथं एकटाच ऐकू का? राहू दे इथंच. मीही इथंच राहतो."

अरे देवा! पेटी राहिली, अन् पेटीसोबत मामाजीही. आता रोज चार वाजता सुई तेच टेकवतात. टाळ्या पडल्या रे पडल्या की हाक येते, "गोपिका, उठ वं, शिरा आण!"