काचेच्या पंपाचा कौल

सरलाबाईंनी आयुष्यात कधी कुणावर आवाज चढवला नाही. सुरतेतल्या भेस्तानच्या त्या खोल्यांच्या ओळीत सकाळी नळावर बायका एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरायच्या, तेव्हाही सरलाबाई आपला हंडा भरून गुपचूप निघून जायच्या. सोमवार धरायच्या, चतुर्थी धरायच्या, चातुर्मासात कांदा-लसणाला शिवायच्या नाहीत. त्यांची सून चंचल लग्न होऊन सुरतेला आली तेव्हापासून तिनं सासूच्या तोंडून शिवी ऐकली नव्हती. म्हणून माहेरी धरणगावला गेल्यावर सांगावं काय, हेच तिला उमजत नसे. चटका बसतो, पण दाखवायला फोड नसतो, असं ते सगळं होतं.

चंचलला मुलगी झाली. जिजी. काळीसावळी, टपोऱ्या डोळ्यांची. छातीला लागली की मूठ घट्ट आवळायची आणि पोट भरत आलं की एकेक बोट करून सोडायची. चंचल त्या मुठीकडं बघत बसे. दूध किती आलं, किती गेलं, असला हिशेब तिनं कधी केला नाही. पोर पीत होती, झोपत होती, लंगोट ओले करत होती. आणखी काय हवं?

त्याच दिवसांत सरलाबाई बारडोलीला लेकीकडं जाऊन आल्या. लेक सोनाली. जावई साखर कारखान्यात कायम, दारात गाय, ओटीवर झोपाळा. पण लग्नाला इतकी वर्षं होऊन कूस उजवली नव्हती. सोनालीची सासू आता मुलाच्या दुसऱ्या लग्नाची उघड बोलणी करत होती. सरलाबाई परत आल्या. आल्या आल्या त्यांनी जिजीला मांडीवर घेतलं आणि किती तरी वेळ तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या. चंचलला बरं वाटलं. नातीचा लळा लागला, असं तिला वाटलं.

मग घरात पंप आला.

शेजारची काशीबाई उधन्याच्या एका दवाखान्यात आया होती. आईचं दूध काढायचा तिथला जुना पंप तिनं आणून दिला. काचेचं नरसाळं, त्याला खाली दूध साठायला फुगीर पोट आणि मागं रबरी फुगा, रिक्षाच्या भोंग्याला असतो तसा.

"हाई कसाले?" चंचलनं विचारलं.

"बेटा, तुले कामावर जानं पडी ना आते," सरलाबाई मऊ आवाजात म्हणाल्या. पर्वत पाटिया भागात साड्यांना लेस लावायच्या कारखान्यात चंचल बाळंतपणाआधी जात असे. "सकाळे काढी ठेव. मी बोंडल्यानं पाजसू."

काशीबाई दारातून म्हणाली, "तसा तो सगळ्यांना लागत नाही हं, सरलाबाई. पोर काचपेटीत असलं, नाहीतर आईला गाठी आल्या, तरच आमच्याकडं..."

"काशीबाई, चहा ले ना," सरलाबाई म्हणाल्या, आणि ते बोलणं तिथंच चहात विरघळलं.

चंचल भिंतीकडं तोंड करून बसली. काच थंडगार होती. फुगा दाबला की जीव ओढल्यासारखा चिमटा बसे. मागं सासू उभी, पुढं भिंत, आणि जिजी दुसऱ्या खोलीत ठेवलेली. बराच वेळ दाबून दाबून काचेच्या पोटात तळ झाकेल इतकं दूध जमलं. सरलाबाईंनी ते खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं.

"इतलंसं?" त्या हळूच म्हणाल्या. "मांजरले बी यानापेक्षा जास्त ऱ्हास, माय."

"आत्याबाई, पोर पेस तव्हय येस. यामा नही येस."

"काच खोटं बोलस का, बेटा?"

त्यानंतर रोज सकाळी पूजा आटोपली की पंप. सरलाबाई ती काच घेऊन बाहेर जायच्या; कुणाला दाखवायच्या नाहीत, फक्त नळावर सगळ्यांच्या देखत धुवायच्या. बायका विचारायच्या. सरलाबाई उसासा टाकायच्या. "काय सांगू? देवानं रूप दिलं पोरीला, पण पान्हा द्यायला विसरला." महिना सरायच्या आत ओळभर झालं : सरलाबाईंच्या वाल्मिकच्या बायकोचं अंग कोरडं आहे, पोर उपाशी मरते आहे. कलाबाई नावाची फटकळ म्हातारी नळावर म्हणाली, "अगं, गायीलासुद्धा वासरू लावल्याशिवाय पान्हा येत नाही. वासरू बाजूला बांधून कोण दूध मोजतं?" बायका हसल्या. सरलाबाईही हसल्या. पण त्या दिवसापासून कलाबाईला या घरच्या हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं.

आणि खरंच, चंचलचं अंग तिला दगा देऊ लागलं. पंप दिसला तरी छाती आखडून येई. जिजीला पाजताना तिच्या मनात तेच यायचं : येतंय का? पुरतंय का? पोर मध्येच रडली की सरलाबाई वाटी-चमचा घेऊन हजर. पावडरचं दूध पोटात गेलं की जिजी आईकडं तोंड वळवायची नाही. पोर प्यायलं नाही की आईचं दूध आटतं, एवढी साधी गोष्ट. पण ती आता चंचलनं कुणाला सांगायची?

नवरा वाल्मिक कापडाच्या लूमच्या खात्यात दिवसपाळी करून यायचा, कान बधिर झालेला. "माय म्हनस तसं कर ना," म्हणायचा. "तिले काय तुनं वाईट करनं शे?"

श्रावणात घरी खानदेशची देवी कानबाई बसली. खानदेश सोडून सुरतेला आलेल्या माणसांनी शेत सोडलं, घर सोडलं, पण कानबाई कुणी सोडली नाही. पाटावर नारळ मांडून, त्याला नथ घालून, फुलांच्या माळा सोडून ओळीतल्या बायका सरलाबाईंच्या घरी दाटीवाटीनं जमल्या. सोनालीही बारडोलीहून आली होती. गाणी झाली, फुगड्या झाल्या. तेवढ्यात जिजी रडू लागली, आणि सरलाबाई हात जोडून म्हणाल्या,

"मायबहिनीहो, आज देवी घरात आहे. तिच्यासमोर खोटं टिकत नाही. माझी सून म्हणते दूध आहे, काच म्हणते नाही. माझ्या मनाला घोर आहे. कानबाईच काय तो कौल देऊ दे."

आणि त्यांनी तो पंप तबकात ठेवून आणला. त्याला हळदीकुंकू वाहिलेलं होतं.

"आत्याबाई, पोर द्या. पोरले लावस मी. सगळ्या देखतीन."

"पोर काय सांगी, बेटा? ते मुकं शे."

चंचलनं काशीबाईकडं पाहिलं. दवाखान्यातली माणूस, एक शब्द बोलली असती तर बायकांनी मानलं असतं. काशीबाई हातातला प्रसाद निवडत बसली. कलाबाईला तर आमंत्रणच नव्हतं.

देवीकडं पाठ करता येत नाही, म्हणून चंचल तिच्या पुढ्यात बसली. कुणीतरी लुगड्याचा आडोसा धरला, पण वरून सगळ्या वाकून बघतच होत्या. तिनं फुगा दाबला. मनातल्या मनात म्हणाली, माय, मी तुझ्याकडं दुसरं काही मागितलं नाही. परत दाबला. काच नितळ राहिली. एक थेंब नाही.

"कानबाई माय की जय," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी म्हटलं.

त्याच दिवशी ठरलं, की जिजी सोनालीकडं बारडोलीला वाढेल. चंचल वाल्मिकच्या पायाशी बसली. "सोनालीताईले तरी कोठे दूध शे?"

"त्यासनाकडे गाय शे," वाल्मिक म्हणाला आणि दुसरीकडं बघू लागला.

दुसऱ्या दिवशी कानबाई तापीत बोळवली. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे एसटी स्टँडवर. बारडोलीची गाडी लागली होती. सोनाली खिडकीशी बसली, जिजीला नव्या झबल्यात गुंडाळून. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की चंचलला तिचा धड रागही करता येईना. वाल्मिक कामावर गेला होता. खाडा करायला कारण काय सांगू, म्हणाला होता.

इंजिन सुरू झालं तशी जिजी दचकली आणि रडली. पावडरसाठी रडायची तसं नाही. पोटाच्या तळापासून, आईचा वास हरवल्यासारखं.

चंचलच्या छातीत कळ उठली. एकदम, दोन्हीकडं. तिनं पदर बाजूला केला आणि खाली पाहिलं. चोळी भिजत चालली होती. ओल पसरत पोटापर्यंत आली, धार लागली.

"आत्याबाई! देखा! उनं! दूध उनं!" ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. "गाडी थांबाडा ना! सोनालीताई, पोर द्या, येकदाव द्या!"

सरलाबाई वळल्या. त्यांनी पाहिलं. नीट पाहिलं, त्या ओल्या चोळीकडं, मग सुनेच्या तोंडाकडं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा मागमूससुद्धा नव्हता, आणि दूध आहे हे सासूला पहिल्यापासून ठाऊक होतं, ते चंचलला तिथं कळलं.

सरलाबाई पुढं झाल्या. दोन्ही हातांनी त्यांनी चंचलचा पदर ओढून तिच्या छातीवर नीट पसरला, खांद्यावर खोचला, आईनं लेकीचा खोचावा तसा.

"झाकी ले, बेटा," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "मानसं देखी ऱ्हायनात."

गाडी फाटकातून वळली. रडणं काही वेळ ऐकू आलं, मग रिक्षांच्या आवाजात मिसळून गेलं. पदराखाली दूध वाहतच होतं.

"चाल," सरलाबाई म्हणाल्या, "घर जाईसन देवन्या वाती करन्या शेतस."