सेनापतीची आई

"थांब वं मावशी, तुह्या राजाले घडीभर बसू दे तिकडं. नयन, तू सांग. सेनापती दरीत पडला, मंग?"

शेवंताने असं म्हटलं आणि मैनाबाईच्या तोंडातला राजा तोंडातच राहिला. आणि राजा काही ऐरागैरा नव्हता. तो आत्ताच कुठे वेशीबाहेर पडला होता, पुढे त्याला साप भेटायचा होता, सापाच्या पोटातून अंगठी निघायची होती. पण ऐकतंय कोण! सगळ्या बायांच्या माना नयनकडे वळल्या होत्या. आणि नयन म्हणजे कोण, तर मैनाबाईची स्वतःची सून. गेल्या उन्हाळ्यात कळंबकडून लग्न होऊन आलेली, हातावरची मेंदी जेमतेम उतरलेली पोरगी.

भगवानरावांच्या शेतात कापसाची वेचणी चालू होती. प्रत्येक बाईला पऱ्हाटीची एकेक पात, म्हणजे एकेक ओळ. बोरी अरबच्या या टोळीत एक जुना रिवाज होता. गोष्ट सांगणारी बाई मधल्या पातीत चालायची, म्हणजे दोन्हीकडच्यांना सारखं ऐकू यायचं. आता बोलणाऱ्या बाईचा हात मागे पडणारच, आणि मजुरी तर वजनावर. म्हणून पात संपली की प्रत्येकीने आपल्या झोळीतली एक मूठ कापूस सांगणारीच्या झोळीत टाकायचा. मैनाबाई या गावात नांदायला आली त्याच्या दुसऱ्याच हंगामापासून मधली पात तिची होती आणि मुठीही तिच्याच होत्या.

कापसाचं एवढं काही नव्हतं. पण घरात तिने तोंड उघडलं की नवरा रेडिओचा आवाज वाढवायचा. तो गेला. मुलगा रामधन लोहाऱ्याच्या कारखान्यात लागला, शनिवारी घरी आला तर आला, आणि आल्यावर हं हं करत जेवायचा. तिचं बोलणं माणसं काम सांभाळून, कान देऊन ऐकतात अशी जगात एकच जागा होती, ती म्हणजे ही मधली पात. आणि आता तिथे एक चिनी सेनापती घुसला होता.

नयन ही मालिका मोबाइलवर बघायची, हिंदी आवाजातली. सकाळी चुलीजवळ पिठाचा डबा ठेवून त्याला फोन टेकवायची आणि भाकरी थापता थापता एक डोळा तिकडे. चिनी नावं तिने पहिल्याच दिवशी उडवून लावली होती. एक सेनापती, एक वैदीण आणि राजवाड्यातली एक काकी, बस. वैदीण म्हणजे वैद्याची मुलगी. बापावर विष घातल्याचा खोटा आळ आलेला, म्हणून ही पुरुषाचा वेश करून राजवाड्यात शिरलेली. पडद्याआडच्या राणीच्या मनगटाला दोरा बांधायची आणि दोऱ्याचं दुसरं टोक धरून नाडी सांगायची. सेनापतीला तिचा संशय. संशय घेता घेता गडी तिच्यावरच भाळला.

"मंग काय," नयन बोंडातला कापूस ओढत म्हणाली, "दरीत पडला, पर मेला नाही. डोकं आपटलं. समदं भुलला. वैदीण समोर उभी रायली तं म्हणते, तू कोन?"

"अवं माय!" बाया कळवळल्या.

मैनाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. जेवणाच्या सुट्टीत कडुलिंबाखाली भाकरी सोडल्यावर तिने तोंडाचा पट्टा सुरू केला.

"मले एक सांगा वं पोरींनो. थो सेनापती लढाई करून राह्यला, चिखलात पडून राह्यला, अन् कपड्याले डाग नाही? कोन धुते त्याचे कपडे? अन् थे वैदीण बाई हाय हे अख्ख्या वाड्यात कोनालेच समजत नाही? आंधळे हायेत का समदे? शेंडी बांधली का बाईचा मानूस होते?"

बाया खो खो हसल्या. मैनाबाईला चेव आला.

"अन् थो म्हणते, तू माह्यावर रागावली. थे म्हणते, तूच रागावला. चार दिवस तेच. अरे, बोलून टाका ना! एका वाक्याचं काम हाय. तोंड भाड्यानं देल्लं का? आपल्या गोष्टीत राजा येते, बाई पाहते, लग्न होते, मामला साफ."

"म्हणूनच तं मजा नाही राहत, मावशी," शेवंता म्हणाली. "याच्यात पाहा, तिच्या बोटाले बोट लागलं तं त्याले दोन दिवस झोप नाही. आमच्या घरी तं पानी मांगाले बी मानूस मान वर करत नाही."

सगळ्या परत पातीला लागल्या. पात संपली तेव्हा एकेक बाई उठून नयनच्या झोळीत मूठ टाकून गेली. सवयीने मैनाबाईनेही आपल्या झोळीचं तोंड उघडून धरलं होतं. तिने ते हळूच मिटलं आणि कोणी बघितलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहिलं. नयनने बघितलं होतं. मैनाबाईला त्याचा अजूनच राग आला.

असाच आठवडा गेला. मग एक दिवस नयनने सेनापतीची आई काढली.

"त्याची माय हाय गावाकडं," ती म्हणाली. "म्हातारी. थो लढाईवर गेल्ता तवापासून रोज सांजच्याले एक भाकर वेगळी काढून ठेवते. फडक्यात गुंडाळून. कोनी म्हणलं, अवं थो नाही येत आता, तं म्हणते, मी कुठं म्हणलं येते म्हणून? भाकर जास्तीची झाली, एवढंच."

शेवंताने पदर डोळ्यांना लावला. पलीकडच्या पातीतली एक जण तर वेचायचं सोडून उभीच राहिली. मैनाबाईने पऱ्हाटीत तोंड खुपसलं, कारण तिचे डोळे भरून आले होते आणि ते त्या पोरीला दिसलं असतं तर तिला जीव नकोसा झाला असता. काय मेला तो चिनी लिहिणारा! अशी आई त्याला कुठून सुचली? आपण इतकी वर्षं राजे सांगितले, राक्षस सांगितले, पण अशी एक म्हातारी आपल्याला सुचली नाही.

तिला ती म्हातारी डोळ्यांनी बघायची होती. आणि खरं सांगायचं तर मालिकेतली आणखी खोट काढून आणायची होती.

भगवानरावांची मुलगी निकिता यवतमाळला शिकायची, दिवाळीच्या सुट्टीला घरी आली होती. बाजाराच्या दिवशी मैनाबाई त्यांच्या ओसरीवर जाऊन बसली.

"निकिता, तुह्याजवळ हाय म्हणते थे चीनचं."

"मावशी, तू पण?" निकिता हसत सुटली. पण पोरगी चांगली. तिने तांदूळ निवडायचे बाजूला ठेवले आणि फोनवर मालिका लावून दिली.

मैनाबाई बघत राहिली. मालिका देखणी होती, नाही म्हणायला जागाच नव्हती. बर्फ पडत होता, लाल छत्री घेऊन ती वैदीण पुलावर उभी होती आणि सेनापती तिच्याकडे असा बघत होता की मैनाबाईने नकळत डोक्यावरचा पदर सारखा केला. कपडे तर असे की हात लावून बघावेत. दोऱ्याने नाडी बघायचा प्रसंगही नयनने सांगितला तसाच होता. पण बाकी? बाकी नयनच्या सांगण्यात जे मिनिटात होत होतं त्याला इथे अर्धा तास लागत होता. वारा सुटायचा, केस उडायचे, बासरी वाजायची, आणि कोणी काही बोलायचं नाही. काकी पडद्यावर आल्या आल्या कळायचं की विष हिनेच घातलं. नयनची काकी तर अजूनही सगळ्यांना साखर वाटत फिरत होती, तिच्यावर कोणाचा संशयच नव्हता.

"पुढं घे. त्याची माय दाखव."

"कोणाची?"

"सेनापतीची वं! भाकर काढून ठेवते थे."

"मावशी, त्याला आई नाहीच आहे. अनाथ आहे तो. पहिल्याच भागात सांगतात. आणि शेवटी मरतो. इतका घाईघाईत मारलाय ना त्याला, आम्ही सगळ्या मैत्रिणी चिडलो होतो."

मैनाबाई ओसरीवरून उठली ती तडक रस्त्याला लागली. अर्ध्या वाटेवर तिच्या डोक्यात उजेड पडला आणि ती जागीच थांबली. शनिवारी रामधन येईल न येईल म्हणून फडक्यात गुंडाळून भाकरी कोण ठेवतं? "भाकर जास्तीची झाली," असं शेजारणीला कोण सांगतं? ही पोरगी चुलीपाशी बसून फोनकडे नाही, आपल्याकडे बघत होती! घरातलं भांडं न विचारता उचलून न्यावं तशी आपली भाकरी उचलली, चीनला नेली आणि वर त्याच्या मुठी घेतल्या. आणि आपण मूर्खासारखं त्या म्हातारीसाठी रडलो. मैनाबाई रागाने लाल झाली होती, आणि त्या रागात कुठेतरी गुदगुल्याही होत होत्या, म्हणून ती आणखी चिडली. उद्या भर शेतात या पोरीचं पितळ उघडं पाडायचं, असं तिने ठरवूनच टाकलं.

पण तिला बोलावंच लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी निकिता बायांसाठी चहाची किटली घेऊन शेतात आली. नयन शेवटावर आली होती. सेनापतीला सगळं आठवलं होतं, लढाई संपली होती आणि तो घोड्यावरून गावाकडे निघाला होता, म्हातारीकडे.

"अगं, काहीही काय सांगतेस?" निकिता किटली खाली ठेवत म्हणाली. "तो तर मरतो. आणि त्याला आईबिई कोणी नाही. काल मावशीला मीच दाखवलं ना सगळं."

हात थांबले. शेवंता कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय वं नयन? आमाले बयाड समजून राह्यली का तू? आमी रडलो वं त्या म्हातारीसाठी. मुठी देल्ल्या तुले." मग ती मैनाबाईकडे वळली. "मावशी, तू पाह्यलं म्हणते हे. खरं काय थे तू सांग."

सगळ्या मैनाबाईकडे बघायला लागल्या. कितीतरी दिवसांनी. कोणी खोकत नव्हतं, कोणी चहाकडे बघत नव्हतं. हेच तर तिला हवं होतं. एक वाक्य बोललं की मधली पात आजच्या आज परत तिची. नयन मान खाली घालून बोंडाचं टरफल नखाने कुरतडत होती. माफी मागावी असं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. वाक्य अर्ध्यावर तोडल्याचा राग तेवढा होता. तो राग मैनाबाईला चांगला ओळखीचा होता.

"हाय माय त्याले," मैनाबाई म्हणाली. तिचाच आवाज तिला परका वाटला. "फोनमधी दाखवली नाही, म्हणून काय झालं? बिनामायचा मानूस आभाळातून पडते का? त्या फोनवाल्याले कपडे दाखवाचेच भान, म्हातारी दाखवाची राहून गेली त्याची. अन् शेवट बी त्यानंच बिघडवला. एवढं लांबवलं अन् मारून टाकलं, हे काय सांगनं झालं?" मग नयनकडे न बघता ती म्हणाली, "तू सांग वं. अन् मरू नको देजो त्याले."

निकिता तोंड उघडं टाकून बघत राहिली. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग शेवंता पातीला लागली आणि तिच्यामागे बाकीच्याही.

नयनने घसा साफ केला. "मंग थो आला," ती म्हणाली. "घोडा बाहेर बांधला. दारात उभा रायला. एवढा मोठा सेनापती, पर आत पाय टाकाची हिंमत नाही होत. म्हातारी चुलीपाशी बसून होती. तिनं मान वर केली. रडली नाही, उठली नाही, काई नाही. म्हणे, भाकर थंडी झाली बाप्पा. गरम करू का?"

नयन तिथेच थांबली. बायांच्या नाका-डोळ्यांतून पाणी वाहत होतं, निकितासुद्धा पाठ फिरवून उभी होती. मैनाबाईला मात्र रडू आलं नाही. भाकर थंडी झाली, गरम करू का. हे तर ती स्वतः रामधनला दर खेपेला म्हणत आली होती. ते आपल्याच तोंडातलं वाक्य, आणि इतक्या वर्षांत एकाही राजाच्या आईच्या तोंडी घालायचं आपल्याला सुचलं नाही. या कालच्या पोरीला सुचलं. मालिका भिकार होती, सांगणारी नव्हती. मालिकेत खोट काढता आली असती. हिच्यात कुठून काढणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी शेताच्या बांधावर नयन म्हणाली, "आत्याबाई, मधली पात तुमची हाय. तुमी घ्या."

"मले कायले? माहे दात हालून राह्यले, शब्द निसटते," मैनाबाई म्हणाली आणि चालत गेली ती थेट धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या शेवटच्या पातीला.

नयनने नवीन गोष्ट काढली होती. एवढ्या लांबून शब्द पोचत नव्हते. मधूनच बाया हसायच्या, मधूनच एकदम चूप व्हायच्या, आणि मैनाबाईचे हात तेवढ्यापुरते थांबायचे. आता काय झालं असेल? बहुतेक कोणी तरी दार ठोठावलं असेल. नाही, दार नसेल. काहीतरी वेगळंच असेल, आपल्याला न सुचणारं.

परतताना ती मुद्दाम मागे रेंगाळली. शेवंताच्या पायात काटा रुतला होता, तीही मागे राहिली होती.

"काय सांगतलं वं आज?" मैनाबाईने रस्त्याकडे बघतच विचारलं.

शेवंताला सांगता यायचं नाही. तिने सुरुवातीलाच शेवट सांगून टाकला, मग मधलं विसरली, नावं एकमेकांत मिसळली, "थांब, थांब, त्याच्या आधी एक बाई आलती" म्हणून पुन्हा मागे गेली. मैनाबाई तिच्या बाजूने चालत राहिली आणि घर येईपर्यंत तिने शेवंताला मध्ये एकदाही टोकलं नाही.