दातांवरचा आळ

त्या गल्लीत काहीही झालं तरी दोष दातांचा असायचा. लेकरू रडलं, दात येतायत. ताप चढला, दात येतायत. जुलाब लागले, मग तर विचारायलाच नको, तोंडात बोट घालून हिरडी चाचपायची आणि मान डोलवायची, "हं, शिवशिवतायत बघ." बिचारे दात! अजून हिरडीबाहेर डोकंसुद्धा काढलेलं नाही आणि गल्लीभरचे गुन्हे त्यांच्या नावावर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

बरं, चोर काही लपून बसला नव्हता. गल्लीच्या टोकाला एकच नळ, नळाखाली फरशी, फरशीला लागून उघडं गटार. नळाचा पाइपही त्याच गटारातून आलेला, फुटला होता तिथे चिंधी बांधलेली. सकाळी बाया त्या फरशीवर लेकरांचे लंगोट आपटायच्या, त्याच फरशीवर हंडे टेकवायच्या आणि हात कपड्यांना पुसून घरी जाऊन पीठ मळायला घ्यायच्या. कुणी नाक मुरडलंच तर उत्तर तयार असायचं, "लेकराची शी ती, दुधाची! तिची कसली आलीय घाण?"

शिवणवाली त्या गल्लीच्या मधल्या घरात राहायची. खिडकीशी मशीन, मशीनखाली चिंध्यांचा ढीग आणि ढिगात तिचा लेक. त्याला सगळे बटण म्हणायचे, कारण रांगायला लागल्यापासून दिसेल ते बटण तो तोंडात घालायचा. त्या सकाळी ती शाळेच्या गणवेशांना काज करत होती, सासू सुपात धान्य निवडत होती, आणि बटणानं दुपट्यावर पाण्यासारखी शी केली. ते बदललं तोवर दुसरं भिजलं. मग तिसरं.

"दात," सासू मान वर न करता म्हणाली.

सासूला अख्खी गल्ली मोठी आई म्हणायची. कुणाचं बाळंतपण असो की दुखणं, तिचा शब्द शेवटचा. बाई दुष्ट नव्हती हो. नातवावर जीव ओवाळून टाकायची, शेजारणीच्या पोराला ताप आला तरी उशाशी जाऊन बसायची. म्हणूनच तर तिचं कुणी मोडत नसे.

"आता त्याला कोरडं धर," ती म्हणाली. "वरून ओतलं की खालून येणारच. पाणी नाही, अंगावरचं दूध नाही. पोट सुकलं की आपोआप थांबेल."

कोरडं धरणं! या उपायाला गल्लीत नाव होतं, मान होता, सासूकडून सुनेकडे तो वारसा यायचा. शिवणवालीच्या हातातली सुई जागच्या जागी थांबली.

तिची पहिली मुलगी चिमी. चिमीलाही दात येत होते. तिलाही कोरडं धरलं होतं, आणि धरणारे हात शिवणवालीचेच होते. चिमीची जीभ वाळली, डोळे खोल गेले, टाळूला खड्डा पडला. रडायची, पण डोळ्यांतून थेंब येईना. शेवटी शेवटी ती आईची ओली बाही ओठांत धरून चोखायला लागली, आणि आईनं तीही सोडवून घेतली. दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. तिथल्या सिस्टरनं चिमीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. "हिला पाणी का नाही दिलंत?" एवढंच सिस्टरनं विचारलं. गल्ली म्हणाली, दातांनी नेली पोर.

बटणाच्या वेळी गरोदर असताना शिवणवाली लाज गिळून त्याच सिस्टरकडे गेली आणि सगळं विचारून आली. येताना मीठ-साखरेच्या पुड्या घेऊन आली. त्या तिनं मशीनच्या खणात जपून ठेवल्या होत्या.

"मी नाही कोरडं धरणार," ती म्हणाली.

सासूनं सूप खाली ठेवलं. "काय म्हणालीस?"

"पाणी पाजणार. दूधही पाजणार. जितकं जातंय तितकं भरून काढायचं असतं, आई."

"कुणी शिकवलं?"

"चिमीनं."

सासूचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. ती उठली, बाळाचा चमचा फळीवरून उचलला आणि कमरेला खोचला. "चमचा माझ्याकडे राहील. बघते कशी पाजतेस. एक पोर गेली तरी अक्कल आली नाही तुला!"

हे वर्मी लागलं. एरवी शिवणवाली मान खाली घालून मशीनवर बसली असती. आज नाही. "एक पोर गेली म्हणूनच अक्कल आली!" ती ओरडली, इतक्या मोठ्यानं की समोरची खिडकी उघडली. "दुसरं नाही जाऊ देणार मी!"

तिनं पाणी उकळलं, झाकून निववलं, सिस्टरनं दाखवलेल्या मापानं पुडी कालवली. साबणानं हात धुतले, नखांतलंसुद्धा काढलं. आणि चमचा नाही तर नाही, शिवताना बोटात घालायचं तिचं पितळी अंगुस्तान होतं. तेच घासून, पाण्यात खळखळ उकळून घेतलं आणि त्या टोपणभर मापानं घोट घोट पाजायला बसली. पहिला घोट बटणानं ओकून टाकला.

"बघ! बघ!" सासू म्हणाली.

ती बघत नव्हती. थोडी थांबली आणि परत अंगुस्तान भरलं.

दुपारी नवरा गॅरेजातून जेवायला आला. दारातच दोघींनी त्याला धरलं. एकीकडे जन्म दिलेली आई, दुसरीकडे बायको. इकडे आड तिकडे विहीर. तो सवयीनं म्हणाला, "आई सांगते तसं कर ना. तिनं चार पावसाळे जास्त पाहिलेत."

"तुमच्याकडे गळका रेडिएटर आला तर काय करता?" शिवणवालीनं विचारलं.

"गळती काढतो. आता रेडिएटरचं काय मध्येच?"

"आणि गळती निघेपर्यंत? गाडी कोरडीच चालवता?"

"वेडी का तू? पाणी ओतत राहावं लागतं. नाहीतर इंजिन जळे..."

त्यानं बटणाच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग हात न धुता ताटाकडे निघालेला तो गडी मागे फिरला आणि सायकलची किल्ली उचलली. "चल, दवाखान्यात." आईकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही, पण थांबलाही नाही.

नळाशी बायांचा घोळका होताच. बातमी त्यांच्या आधी तिथे पोचली होती. फरशीवर लंगोट आपटता आपटता भाजीवाली म्हणाली, "मोठ्या आईंचा शब्द मोडलास म्हणे? शेफारलीस हो!"

शिवणवाली सायकलवरून उतरली. "हो, मोडला. दातांनी कुणी मरत नाही, बायांनो! आपण लेकराला ही फरशी चाटवतो, त्या गटारातलं पाणी पाजतो, शीचे हात तोंडाला लावतो. आणि आजारी पडला की पाणी तोडतो! दात काय करतील बिचारे?"

"आमच्याही सासवांनी हेच केलं," कुणीतरी म्हणालं.

"मग किती लेकरं पुरली त्यांनी, विचार ना घरी जाऊन!"

भाजीवालीच्या हातातला लंगोट तसाच राहिला, नळ वाहत राहिला.

दवाखान्यात सिस्टरनं बटणाची कातडी चिमटीत धरून सोडली. हळू का होईना, ती खाली बसली. "वेळेवर सुरू केलंस," सिस्टर म्हणाली, "आता थांबवू नकोस. दूधही चालू ठेव." संध्याकाळ होता होता बटणानं बापाच्या शर्टावर भरभरून शू केली. इतका ओला आणि इतका खूश मेकॅनिक त्या दवाखान्यानं पाहिला नसेल. तो हसत होता आणि डोळे पुसत होता, आणि शिवणवाली तर सरळ हुंदके देऊन रडली.

ती घरी आली तेव्हा सासू मशीनजवळ बसली होती. सूप सकाळी होतं तसंच पडलं होतं. तिनं नातवाच्या टाळूवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

"दातांनी कुणी मरत नाही, असं म्हणालीस ना नळावर?"

"हो, आई."

"मग माझा थोरला कशानं गेला गं?" सासूनं विचारलं. "बोलायला लागला होता. एकच शब्द यायचा त्याला. पाणी. कोपऱ्यातल्या हंड्याकडे बोट करायचा आणि पाणी, पाणी म्हणायचा. मी हंडा उचलून बाहेर नेऊन ठेवला. दिसायला नको म्हणून."

शिवणवालीला क्षणभर वाटलं, खोटं बोलावं. त्याचे दात होते, म्हणावं. म्हातारीला झोप तरी लागेल. पण खोटं बोललं की उद्या कुणाचा तरी हंडा परत बाहेर जाणार होता.

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आई," ती म्हणाली. "मलाही नव्हतं. आता सांगितलंय."

सासू उठून मोरीवर गेली, कोपरापर्यंत हात धुतले, कमरेचा चमचा काढून घासला, उकळत्या पाण्यात टाकला. मग नातवाला मांडीवर घेतलं आणि पाजायला लागली. चमच्यातून थेंब सांडला की स्वतःवरच चिडायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया नळावर आल्या तर मोठी आई तिथे आधीच बसलेली. पालथ्या बादलीवर, फरशीच्या मधोमध, हातात खराटा. फरशी घासून लख्ख केलेली.

भाजीवाली लंगोटांची बादली घेऊन आली. "सरका ना जरा, मोठ्या आई. आमच्या पोरालाही रात्रीपासून लागलेत. दात येतायत."

"लंगोट घरच्या मोरीत धू. शी संडासात टाक. इथे टाकलीस तर खराटा आहे."

"अहो, पण धुऊन होईस्तोवर पोर घरी किंचाळतंय. पाणी मागतंय सारखं. तुम्हीच सांगितलं होतं ना, कोरडं धरायचं म्हणून?"

"सांगितलं होतं," म्हातारी म्हणाली. तिनं खराटा खाली टाकला आणि भाजीवालीचा हात घट्ट धरला. "मीच सांगितलं होतं. तुलाही, तुझ्या सासूलाही. माझ्या तोंडाला आग लागो. पाणी मागतंय ना लेकरू? मग दे ना गं त्याला पाणी!"