आईचे गुडघे आणि वटवाघळं

वटवाघळांच्या आवाजांवर पीएचडी करणाऱ्या सूनबाईला घरात सगळे कौतुकाने 'डॉक्टरीण' म्हणत. कौतुक विशेषतः ओट्यावर भांडी साठली की उतू जाई.

एका सकाळी तिच्या गाईड सरांनी फर्मान सोडलं, "तुझ्या नोटबुकचा पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, पाठव. परीक्षक स्वतः चालवून बघणार आहेत." नोटबुक म्हणजे कोड, आलेख, निकाल असा सगळा संसार एकाच फाइलमध्ये, आणि ती फाइल क्लाउडवर. क्लाउडवर म्हणजे नक्की कुठे, हे विचारणं अडाणीपणाचं, म्हणून तिने आजवर विचारलंच नव्हतं.

तिने एका ओळीची कमांड देऊन नोटबुकलाच विचारलं, बाई गं, तू आहेस कुठे? उत्तर आलं: 'कंटेंट'. तिने ते ऐटीत सरांना पाठवलं. लगेच फोन.

"अहो विदुषी, हा भाड्याच्या मशीनचा पत्ता झाला. तुम्ही उठलात की ते सगळं पुसून मोकळं. फाइल ठेवलीय कुठे?"

तिने मोबाइलवर आपल्या खात्याचा ड्राइव्ह पालथा घातला. नोटबुक नाहीच. शेवटी लॅपटॉपवर मेन्यूत 'ड्राइव्हमध्ये दाखवा' सापडलं. दाबलं, तर फोल्डर उघडलं 'आईचे गुडघे'. सासूबाईंच्या एक्स-रेंच्या मधोमध तिचं दोन वर्षांचं संशोधन! लॅपटॉपवर ती इतके दिवस नवऱ्याच्या उघड्या खात्यातून काम करत होती.

"ते तुझं होतं?" नवरा फोनवर म्हणाला. "डिलीटच करणार होतो. नाव 'अनटायटल्ड' दिसलं, म्हटलं आईचा रिपोर्ट असेल, म्हणून तिकडे ढकललं."

तिने दात-ओठ खात फाइल स्वतःच्या खात्यात आणली, तिला नाव दिलं, पाथ पाठवला. परीक्षकांनी चालवली आणि पहिल्याच ओळीला लाल एरर: वटवाघळांच्या ध्वनिफिती सापडत नाहीत. त्या अजून नवऱ्याच्या खात्यातच होत्या. तिने पुन्हा त्याला फोन लावला.

"कुठल्या फोल्डरात ढकलल्यास?"

"आठवत नाही गं. मीटिंगमध्ये आहे."

"असू दे. तुझं खातं इथे उघडंच आहे. मी एकेक फोल्डर उघडून बघते."

पलीकडे खुर्ची सरकली.

"थांब! कशाला हात लावू नकोस. निघालोच."

संसारात पहिल्यांदाच बायकोच्या संशोधनासाठी त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली.