देव्हाऱ्याखालचा सर्व्हर

त्या रविवारी गौरजाच्या घरापुढच्या खळ्यात एवढी माणसं जमली होती की रस्त्याने जाणाऱ्या पाहुण्याला वाटावं, या घरात एकतर लग्न आहे नाहीतर कुणाच्या तरी अंगात आलंय. लग्न नव्हतं. अंगात आलं होतं ते गौरजाच्याच, पण तिला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

अकरावीतली ही मुलगी ओटीवर खुर्ची टाकून तिच्यावर उभी होती. मागे उघड्या दारातून देव्हारा दिसत होता आणि देव्हाऱ्याच्या खाली एक काळी पेटी. पेटीवर हिरवा दिवा लुकलुकत होता. गौरजाने हात जोडले आणि देवळात गाऱ्हाणं घालतात तसा सूर लावला.

"बा पेटी म्हाराजा, आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली आसत. कोणाचो फोन खाडीत पडलो असात, कोणाचो पोरान आपटलो असात..."

"व्हय म्हाराजा," खळं म्हणालं.

"तर तेंचे फोटो, तेंचे व्हिडिओ, जसे होते तसे तेंच्या हातात परत दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

गौरजा गंमत करत होती. अर्धं खळंही गंमत करत होतं. उरलेल्या अर्ध्याने डोळे मिटले होते, आणि ते गौरजाने पाहिलं होतं. तिला ते आवडलंही होतं.

तशी पेटी साधीच होती. बाबांच्या ऑफिसने भंगारात काढलेला संगणक, कुडाळहून आणलेल्या दोन डिस्क, आणि इंटरनेटवर फुकट मिळणारा एक प्रोग्राम. आपले फोटो परदेशातल्या कुठल्या कंपनीच्या गोदामात का म्हणून ठेवायचे, आपलं क्लाऊड आपल्या घरात, असं गौरजाने व्हिडिओ बघून ठरवलं आणि दिवाळीच्या सुट्टीत जुळवूनही टाकलं. वीज गेली तरी चालणारा इन्व्हर्टरचा बोर्ड नेमका देव्हाऱ्याजवळ, म्हणून पेटी तिथे बसली. पुढचं सगळं जागेने केलं. देवाला नमस्कार करणारा माणूस खाली वाकला की पेटीलाही नमस्कार घडायचा. शेजारच्या मथुराकाकींनी एक दिवस पेटीला कुंकू लावलं आणि जास्वंदीचं फूल वाहिलं. फूल पंख्याच्या भोकात अडकलं. 'चमत्काराला प्रश्न विचारा' या विषयावर भाषण करून तालुक्यात पहिली आलेली, पाणी शिंपडून नारळ पेटवून दाखवणारी आणि त्यामागचं रसायन सांगणारी गौरजा उठली, तिने ते फूल भोकातून काढलं आणि नीट पेटीच्या डोक्यावर ठेवलं.

वाडीला भक्तीला लावलं ते राधाकाकींच्या फोनने. राधाकाकींचे यजमान दाजी म्हणजे देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान असलेला माणूस. जत्रेला त्यांचा आवाज लागला की सभामंडपातली कुजबूज आपोआप थांबायची. गेल्या जत्रेत राधाकाकींनी बायकांच्या गर्दीतून हात उंच करून त्यांचं अख्खं गाऱ्हाणं फोनवर घेतलं होतं. त्यानंतर दाजी वारले. आणि दिवाळीनंतर होडीतून उतरताना राधाकाकींचा फोन खाडीत गेला. सुदैवाने गौरजाने हौसेने जोडलेला पहिला फोन त्यांचाच होता. नवा फोन आणून तो पेटीला जोडला, आणि जेवणं होईपर्यंत दाजी त्यात गाऱ्हाणं घालायला लागले. राधाकाकी फोन कानाशी धरून पायरीवर बसून राहिल्या. त्यांनी गौरजाच्या गालावरून हात फिरवून कडाकड बोटं मोडली. त्या दिवशी गौरजा जमिनीपासून वीतभर वर गेली ती खाली आलीच नाही.

मग वाडी फोन घेऊन येऊ लागली. गौरजाचं प्रवचनही तयार झालं. "एक डिस्क मेली तर दुसरी आहे. हिरवा दिवा आहे तोवर भिऊ नका. फोन भरला? बिनधास्त पुसा, पेटीत आहे." कुणी आतलं काही विचारलं तर ती 'सिंक', 'मिरर' असे शब्द अशा थाटात टाकायची की विचारणारा ओशाळून गप्प बसावा. अंगारा काय तेवढा द्यायचा राहिला होता.

जत्रा जवळ आली. मान आता दाजींच्या मुलाकडे, बाबलीकडे आला होता. बाबली मालवण-कुडाळ रिक्षा चालवायचा. गिऱ्हाइकाशी बोलायला बसला तर कुडाळ कधी आलं कळू द्यायचा नाही, पण देवासमोर उभं राहायचं म्हटलं की त्याच्या तोंडाला कोरड पडायची. आईच्या फोनवर वडलांचं ऐकायचं आणि पाठ करायचं, एवढाच त्याचा आधार. एका संध्याकाळी तो आईचा फोन घेऊन आला.

"गौरजा, दाजींचा गाऱ्हाणा दिसना नाय. बग जरा."

फोनमध्ये नव्हतं. गौरजाने ऐटीत पेटीत शोधलं. पेटीतही नव्हतं. दुसऱ्या डिस्कवर पाहिलं. तिथेही नव्हतं. हिरवा दिवा मात्र मजेत लुकलुकत होता.

आता खऱ्या विज्ञाननिष्ठ मुलीने काय म्हणावं? "मला कळत नाही," असं म्हणावं. गौरजा म्हणाली की सर्व्हर अपडेट होतोय. दुसऱ्या दिवशी म्हणाली की रेंज कमी आहे. तिसऱ्यांदा राधाकाकी स्वतः आल्या तेव्हा तिने विचारलं, "बाबलीदादाने काहीतरी केलं असेल. काय केलं त्याने?"

बाबली बिचारा आठवत राहिला. आईचा फोन भरला होता, म्हणून मागे त्याने जुने व्हिडिओ पुसले होते. पण गौरजानेच तर सांगितलं होतं. मग दुसरं काय चुकलं? ते मथुराकाकींनी शोधून काढलं. बाबलीने सोमवारी सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, कालवण जेवून पेटीला हात लावला होता. पेटी कोपली. बघता बघता वाडीभर झालं की बाबलीच्या हातून वडलांचा आवाज गेला तो उगीच नाही, देवाची खूण आहे. शनिवारी देवळात कौल लावायचा आणि देवाने नको म्हटलं तर यंदाचं गाऱ्हाणं दुसऱ्याकडे द्यायचं.

खरं सांगायचं तर हे ऐकून गौरजाला आधी हायसं वाटलं. तिच्याकडे कुणाचं बोट नव्हतं. पण दुसऱ्याच दिवशी कॉलेजातून घरी येते तो देव्हाऱ्यासमोर बाबली. त्याने पेटीपुढे नारळ ठेवला होता आणि हात जोडून हळू आवाजात पेटीची माफी मागत होता. ज्या माणसाने तिला लहानपणी रिक्षातून शाळेत सोडलं, तो तिच्या भंगार संगणकाची माफी मागत होता. गौरजा दारातच थबकली. तालुक्यात पहिलं आलेलं भाषण तिला शब्दन् शब्द आठवलं, आणि त्यातले भोंदूबाबाचे सगळे गुण ओळीने जुळले. न कळणारे शब्द वापरतो. भक्ताला प्रश्न विचारू देत नाही. चमत्कार फसला की दोष भक्तावर ढकलतो.

बाबली गेल्यावर तिने जामसंड्याच्या समीक्षाला फोन लावला. नारळ पेटवण्याच्या प्रयोगात समीक्षा तिची जोडीदार. गौरजाने सगळं सांगितलं, त्यातही स्वतःची बाजू जरा बरी करून. समीक्षाने एकच विचारलं.

"पुसलेला परत येता, ह्या तू कधी करून बघितलंस?"

गौरजाने बघितलं नव्हतं. वाडीभर छातीठोक सांगितलं होतं, बघितलं मात्र नव्हतं.

मग तिने बाबलीच्या नारळाचा फोटो काढला. फोटो पेटीत गेला. फोनमधून पुसला. चहा उकळायला लागतो तेवढ्यात तो पेटीतूनही गेला. तिने पुन्हा काढला, पुन्हा पुसला. पुन्हा गेला. तेव्हा कुठे तिने प्रोग्रामच्या सेटिंगची पाटी उघडून नीट वाचली. 'दोन्हीकडे सारखं ठेवा' यापुढे खूण होती. 'पुसलेल्या फाइली जपून ठेवायच्या का?' यापुढे 'नको'. ही खूण करताना तिच्या मनात काय आलं होतं ते तिला चांगलं आठवत होतं: माझ्या सर्व्हरवर कचरा कशाला?

तिने बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कौल लागायच्या आधी सांग. आणि खळ्यातच सांग. लोक जमवलेस तू, तर सांगायचंही तूच."

शुक्रवारी संध्याकाळी खळं पुन्हा भरलं. गौरजा या वेळी खुर्चीवर चढली नाही. तिने मथुराकाकींचाच फोन मागून घेतला, त्यांचा फोटो काढला आणि घरातला टीव्ही पेटीला जोडून दाखवला. मथुराकाकी पडद्यावर पदर सावरत उभ्या होत्या. लोक खूश. मग तिने तो फोटो फोनमधून पुसला. थोड्या वेळाने पडद्यावरच्या मथुराकाकीही गेल्या.

"माका पुसलंस गो?" मथुराकाकी म्हणाल्या.

"पुसलंय, काकी. आणि आज शुक्रवार, मी सकाळपासून नुसतो भात-आमटी जेवलंय. सुंगटाचो हेच्याशी काय्येक संबंध नाय." खळ्यात हसू पसरलं. ते ओसरल्यावर तिने सांगितलं ते कुणालाही कळेल अशा शब्दांत. ही पेटी म्हणजे आरसा आहे. फोनमध्ये जे आहे ते हिच्यात, फोनमधून गेलं की हिच्यातूनही गेलं. डिस्क दोन आहेत म्हणजे आरसे दोन, एवढंच.

"मगे माझो फोन बुडलो तेव्हा गाऱ्हाणा कसा परत इला?" राधाकाकींनी विचारलं. सगळ्यांचाच प्रश्न होता तो.

"फोन बुडाला म्हणूनच आलं, काकी. खाडीच्या तळाशी पडलेला फोन 'पूस' म्हणून सांगू शकत नाही. त्याने सांगितलं नाही, म्हणून पेटीने पुसलं नाही. माझी हुशारी त्यात काहीच नव्हती."

राधाकाकी तिच्याकडे बघत राहिल्या. "आणि ह्येंचो आवाज? तो खंय गेलो?"

गौरजाने तोंड उघडलं. 'सिंक', 'मिरर', सगळे मोठे शब्द जिभेवर आले आणि तिने ते गिळले.

"गेलो, काकी. बाबलीदादान घालवूक नाय, मी घालवलंय. मी 'पूस' म्हणान सांगलंय, म्हणान तेणी पुसल्यान. माका कळना नाय ता मी कळता म्हणान सांगलंय."

बाबली खाली मान घालून बसला होता तो हळूहळू ताठ झाला. शनिवारी कौल लागला नाही, कारण विचारायला काही उरलंच नव्हतं. बाबा डिस्क घेऊन कुडाळला गेले. तिथल्या दुरुस्तीवाल्याने खूप खटपट केली आणि सांगितलं की पुसलेल्या जागेवर नवीन फाइली बसल्या आहेत. नवीन फाइली म्हणजे वाडीची बारशी, वाढदिवस आणि केक. दाजींच्या गाऱ्हाण्यावर गौरजाच्या भक्तांनी केक ठेवले होते, आणि आग्रह गौरजाचा होता.

जत्रेला बाबलीने गाऱ्हाणं घातलं. दोनदा अडखळला. एका जागी नावं घ्यायच्या बारा गावांतला एक गाव राहिला, तो म्हाताऱ्यांनी मागून सांगितला. आवाज वडलांसारखा नव्हता. राधाकाकींनी बायकांच्या गर्दीतून हात उंच केला आणि तो फोनवर घेतला.

दुसऱ्या दिवशी त्या फोन घेऊन आल्या. तोवर गौरजाने पुसलेल्या फाइली जपायची सोय चालू केली होती. शिवाय एक वेगळी डिस्क घेतली होती. आठवड्यातून एकदा तिच्यावर सगळं उतरवायचं, तार काढायची आणि ती समीक्षाकडे जामसंड्याला पाठवायची, म्हणजे हे घर जळलं तरी ते राहील. ती हे समजावू लागली तर राधाकाकींनी हातानेच थांबवलं. त्यांना ते सगळं नको होतं. त्यांनी फोनवर बाबलीचं गाऱ्हाणं काढलं आणि तिच्यासमोर धरलं.

"पूस."

"काकी, आत्ताच तर..."

"माझ्यासमोर पूस, आणि माझ्यासमोर परत हाड. मगे माका सांग, आसा म्हणान."

वाचणाऱ्यांनो, हेच तुम्हीही करा. पेटी असो, बुवा असो, औषध असो नाहीतर तालुक्यात पहिली आलेली मुलगी असो. 'काळजी करू नका' असं जो म्हणेल त्याला म्हणा, बिघडवून दाखव आणि नीट करून दाखव. खऱ्याला त्याचा राग येणार नाही. खोट्याला येईल, आणि तेवढ्यावरूनही बरंच कळेल.

गौरजाने फोन हातात घेतला. तिने पुसलं. फोनमधून गेलं, पेटीतूनही गेलं. राधाकाकींनी हात जोडले नाहीत की डोळे मिटले नाहीत. चष्मा नाकावर चढवून त्या पडद्याकडे बघत बसल्या. गौरजाने जपून ठेवलेल्या फाइली उघडल्या, शोधलं, परत आणलं. बाबली पुन्हा सभामंडपात उभा राहिला आणि अडखळत गाऱ्हाणं घालू लागला.

राधाकाकींनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग फोन पुन्हा गौरजाच्या हातात दिला.

"एकदा परत इला ता नशीब आसात," त्या म्हणाल्या. "आता परत पूस."