स्क्रूवरचा लाल ठिपका

जुने कॉम्प्युटर पार्ट ऑनलाइन विकणाऱ्याला दोन गोष्टी गिळता आल्या पाहिजेत: एक धूळ, दुसरी गिऱ्हाइकाची बोलणी. धूळ त्याला केव्हाच पचली होती. बोलणी मात्र अजून घशात अडकत. रिटर्नची विनंती आली की ताट बाजूला राही आणि हा स्क्रीनकडे डोळे वटारून बसे, जसं काही समोरच्याला ते दिसणारच होते.

त्याच्या मते जग एकजात लबाड होतं. आपलं चांगलं ग्राफिक्स कार्ड ठेवून घ्यायचं, स्वतःचं जळकं डब्यात घालून परत पाठवायचं आणि वर उलट्या बोंबा मारायच्या. कार्डावर नंबराचं स्टिकर असतं खरं, पण गरम हवा दिली की ते अलगद सुटतं आणि दुसऱ्या कार्डावर जाऊन बसतं. म्हणून त्याने स्वतःची युक्ती काढली होती. कार्डाच्या छोट्या पंख्यामागच्या एका स्क्रूच्या खाचेत बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा, त्याचा फोटो काढायचा आणि कार्ड वाळायला खिडकीत ठेवायचं. ऑफिसातून आल्यावर बायको ते पॅक करी. परत आलेल्या कार्डावर ठिपका नसला की ते आपलं नव्हे, विषय संपला.

त्याच खिडकीपाशी बाबांचं टेबल होतं. बाबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती. आता हात थरथरत, त्यामुळे घड्याळ उघडायची सोय उरली नव्हती. आई गेल्यावर तर ते भिंतीकडे तोंड करून नुसते पडून राहायचे. मुलाने हा धंदा काढला आणि पार्ट साफ करायचं काम त्यांच्याकडे दिलं, तेव्हा कुठे माणूस अंथरुणातून उठला. ब्रश, स्पिरिट, कापसाचे बोळे आणि ते, दिवसभर चाललेलं असे. सून कौतुकाने म्हणायची, बाबांनी पुसलेल्या पंख्यावर माशीसुद्धा घसरेल.

पण तीच मधूनमधून दुसरंही म्हणायची. "बाबा विसरायला लागलेत. काल जेवून उठले आणि मला विचारतात, पानं कधी घेणार. एकदा डॉक्टरांना दाखवू या."

"वय झालं की होतं असं," तो म्हणे आणि तिथेच मिटवून टाकी. त्याला वेगळीच भीती होती. डॉक्टरांनी दुखण्याला एकदा नाव दिलं की स्पिरिटची बाटली काढून घ्यावी लागणार, आणि ती काढून घेतली की बाबा पुन्हा भिंतीकडे वळणार. ते त्याला बघवलं नसतं.

सुट्टीच्या दिवशी एक कार्ड परत आलं. स्क्रीनवर रेघा येतात, अशी ते विकत घेतलेल्या बाईंची तक्रार होती. त्याने डबा फोडला, कार्ड उलटं केलं, स्क्रूवर भिंग धरलं. ठिपका नव्हता. त्याने ठिपक्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "हे आमचं कार्ड नव्हे. असली हातचलाखी दुसरीकडे करा."

उत्तर लगेच आलं. "दादा, माझ्याकडे दुसरं कार्डच नाही, बदलणार कशाशी? परत घेणार नसाल तर नका घेऊ, पण चोर म्हणू नका."

बायको मागे उभी राहून वाचत होती. "याआधीच्या दोघांनाही तू हेच लिहिलंस."

"तेही चोरच होते."

"लागोपाठ तिघं चोर आपल्याच वाट्याला?" तिने परत आलेलं कार्ड हातात घेतलं. "तू ठिपका देतोस तेव्हापासून मी पॅक करेपर्यंत कार्ड कुठे असतं रे?"

उत्तर त्याला ठाऊक होतं, कदाचित आधीपासूनच. चोर परका निघावा एवढीच त्याची इच्छा होती.

तो उठून आतल्या खोलीत गेला. सकाळी ठिपका दिलेलं कार्ड बाबांच्या मांडीवर होतं. काडीला कापूस गुंडाळून ते स्क्रूची खाच हलक्या हाताने घासत होते. कापूस लाल झाला होता.

"बाबा, काय करताय?"

बाबा दचकले. कापूस मुठीत लपवून त्यांनी दाराकडे पाहिलं आणि त्याला जवळ बोलावलं.

"हळू बोल. तिच्या हातून नेलपॉलिश सांडतं रे. रोज कशावर तरी डाग असतोच. तुला दिसायच्या आत पुसून टाकतो मी."

त्याला हसूच आलं. छातीवरचं ओझं उतरलं. बाबा विसरत नव्हते, सुनेला पाठीशी घालत होते. उगाच साप समजून भुई धोपटत बसलो, असं त्याला वाटलं.

"अहो बाबा, ती माझी खूण आहे. मीच लावतो. सूनबाईवर कशाला आळ घेताय?"

"सूनबाईचं नाव कोण घेतंय?" बाबा म्हणाले. "तुझी आई. हल्ली तिला नीट दिसत नाही. बोलून दाखवलं तर ओशाळेल बिचारी. बाजारात गेलीय, येईलच एवढ्यात."

तो पलंगाच्या कडेवर बसला. दारात आलेल्या बायकोने सगळं ऐकलं होतं. तिने पदराने डोळे टिपले आणि ती बाहेरच्या खोलीत परतली.

बऱ्याच वेळाने त्याने फोन काढून त्या बाईंना लिहिलं, "ताई, कार्ड आमचंच आहे. चूक आमच्या घरातली. तुम्हाला नको ते बोललो, माफ करा." आधीच्या दोघांनाही तेच पाठवलं. मग बायकोला हाक मारून उद्याची डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

बाबांनी खिडकीतलं दुसरं कार्ड उचलून त्याच्यासमोर धरलं.

"याच्यावरही पडलाय बघ. पुसू ना?"

त्याने स्पिरिटची बाटली त्यांच्याजवळ सरकवली.

"पुसा," तो म्हणाला. "मी नाही सांगत आईला."